कोयनेसाठी जुनी केबिन क्रूझर: एका तपासणीचं प्रकरण

तापोळ्याच्या अलीकडे, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला एका कुटुंबाचं कृषी पर्यटन केंद्र आहे. काही खोल्या, काही तंबू, चुलीवरचं जेवण आणि पाहुण्यांना पाण्यात चक्कर मारून आणायला एक उघडी फायबर बोट. शेती आणि पैशाचा कारभार तात्यांच्या हातात. बुकिंग, फोटो, पाहुण्यांशी बोलणं पुतण्याकडे. पुतण्याच्या मनात आलं की केबिनची बोट घ्यावी, दिवसा लोकांना फिरवावं आणि रात्री एखाद्या जोडप्याची पाण्यावरच झोपायची सोय करावी. मुंबईजवळच्या एका खाडीत अशी बोट विकाऊ निघाली: २६ फुटी, फायबरची, आत बेड, छोटा ओटा, संडास आणि मागच्या बाजूला पेट्रोल इंजिन. मालकाची मागणी १४ लाख. पोरगा बयाणा द्यायला निघालाच होता. तात्यांनी त्याला थांबवलं आणि मला फोन केला.

"भाऊ, फोटो बघून खुळं झालंय पोरगं. तुमी एकदा बघून या, मग काय ते ठरवू."

मी जहाजांच्या इंजिन खात्यात नोकरी केली. आता साताऱ्यात राहून बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि कुणी बोलावलं तर जुन्या बोटी तपासूनही देतो. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण समुद्रातली जुनी बोट स्वस्तात मिळते म्हणून ती डोंगरावरच्या धरणात आणायचा विचार कोयना-धोमच्या काठावर मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. बोट धड आहे का, हे बहुतेक जण बघतात. ती आपल्या पाण्यावर धड राहील का, हा वेगळा प्रश्न आहे आणि पैसे बुडतात ते तिथे.

आधी आपलं पाणी

खाडीकडे जायच्या आधी तात्यांच्या ओसरीवर बसून आम्ही कोयनेचाच विचार केला. पुतण्याला ते नको होतं, त्याला बोट बघायची घाई होती. पण खरेदी बोटीपासून सुरू केली की माणूस बोटीच्या प्रेमात पडतो आणि मग प्रत्येक अडचणीला उत्तर शोधत बसतो.

कोयना धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६३ फुटांवर असते आणि साठा १०५ टीएमसीच्या वर जातो. उंचीवर हवा विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे खाडीत जे इंजिन कसंबसं पुरं पडतं, ते तापोळ्याला ६-७ टक्के कमी पडणार, आणि तेही बोट पाहुण्यांनी भरलेली असताना.

दुसरी गोष्ट पातळीची. ऑक्टोबरात जिथे पायरीला बोट लागते, तिथून मे महिन्यात पाणी कित्येक पुरुष खाली उतरलेलं असतं. मध्ये चिखल, खडक, जुन्या झाडांची खोडं आणि बुडालेल्या गावांची जोती. २६ फुटी क्रूझरचा तळ इंग्रजी व्ही आकाराचा असतो. इंजिनाचा पाय, म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उतरणारा आणि पंखा फिरवणारा भाग, खाली सोडला की तिला साधारण तीन फूट पाणी लागतं. उघडी फायबर बोट तिथे सहज निघून जाते, ही पंखा आपटून बसेल.

तिसरी गोष्ट पावसाची. महाबळेश्वरच्या अंगाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नांगरलेल्या बोटीत साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप दिवस-रात्र चालला पाहिजे आणि त्यासाठी बॅटरी भरलेली हवी. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, म्हणून सोलरवर विसंबता येत नाही. बोटी वादळातच बुडतात असं लोकांना वाटतं. पण कितीतरी बोटी धक्क्याला बांधलेल्या असताना, पंप बंद पडल्यामुळे, गुपचूप तळाला बसतात.

आणि चौथी गोष्ट गोड्या पाण्याची. तिच्याकडे पुढे येतो, कारण ती समजायला तळाला हात लावावा लागतो.

खाडीतला पहिला दिवस

आम्ही पोचलो तेव्हा बोट धक्क्याला लागलेली होती, धुतलेली, पुसलेली, गाद्यांवर नवी कव्हरं. पुतण्या थेट केबिनमध्ये शिरला. तात्या काठावरच उभे राहिले. "वरनं तर झ्याक दिसतीया," एवढंच म्हणाले.

मी इंजिनाचं झाकण उघडून हात लावला. गरम होतं. आम्ही यायच्या आधीच कुणीतरी ते चालवून ठेवलं होतं. यात फसवणूकच असेल असं नाही, बोट तयार ठेवावी म्हणूनही लोक करतात. पण थंड इंजिन कसं सुरू होतं, पहिल्या मिनिटात धूर कसा येतो, हे गरम इंजिन कधीच सांगत नाही. मी मालकांना सरळ सांगितलं की उद्या सकाळी परत येतो, तोवर चावी लावू नका. ते थोडे नाराज झाले, पण तयार झाले. बोट सांभाळणारा तांडेल वयस्क होता. जाताना तोच हळूच म्हणाला, "दोन वर्षं झाली, पाण्यात नुसती उभीच आहे." तासांचं मीटर ३१० तास दाखवत होतं आणि जाहिरातीत तेच भूषण म्हणून छापलं होतं. खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली बोट मात्र चालत्या बोटीपेक्षा लवकर खराब होते. पाण्याच्या पंपाचं रबर एका जागी दबून कडक होतं, टाकीत पेट्रोल शिळं होतं, आणि इंजिनाच्या पोटात राहिलेलं खारं पाणी आपलं काम करत राहतं.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागला. धूर आधी निळसर, मग विरळ. प्लग काढून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजलं. पाच सिलिंडर १५५ ते १६५ पीएसआयच्या मध्ये, सहावा १२० वर. आकडा किती यापेक्षा आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, इथे तो पंचवीसच्या पुढे होता. व्हॉल्व्ह गेला असावा किंवा हेड गॅस्केट. त्या सिलिंडरच्या प्लगवर गंजाची तांबूस छटा होती, त्यामुळे माझा संशय एक्झॉस्टकडे गेला.

या प्रकारच्या इंजिनात बाहेरचंच पाणी आत खेचून इंजिन थंड करतात आणि तेच पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळून बाहेर सोडतात. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि त्यावरचे रायझर, म्हणजे धूर बाहेर नेणारे नळ, बिडाचे असतात. खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांत ते आतून खाल्ले जातात. बाहेरून रंग शाबूत, आतली भिंत कागदासारखी. एक दिवस पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. हे भाग शेवटी कधी बदलले, असं विचारल्यावर मालकांकडे बिल नव्हतं. बिल नाही म्हणजे बदललेले नाहीत, असंच धरून हिशेब करायचा.

मग पाण्यावरची चाचणी. आम्ही चार जण, टाकी अर्धी. पूर्ण रेस दिल्यावर टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा, ४२५० च्या पुढे जाईना. हे ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन पूर्ण रेसवर ४४०० ते ४८०० फेरे करायला हवं. काही वाटा कमजोर सिलिंडरचा, काही तळाला चिकटलेल्या शिंपल्यांचा. शिंपले खरवडता येतात. पण कोयनेला हवेचा फटका वेगळा बसणार होता. तिथे पंख्याचं पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो बोट जितकी पुढे ढकलतो ते माप, एक-दोन इंचांनी कमी करावं लागलं असतं. एक इंच पिच कमी केलं की साधारण दीड-दोनशे फेरे वाढतात, मात्र त्या प्रमाणात वेग घटतो. हा दोष विकणाऱ्याचा नाही, पण खर्च घेणाऱ्याचाच.

वळणावर सुकाणू पूर्ण फिरवलं की मागून घरघर यायची. गिम्बल बेअरिंग, म्हणजे इंजिन आणि पाय यांच्यामधल्या दांड्याचं बेअरिंग. त्याच्या शेजारी रबरी बेलोज असतात. इंजिनाचा पाय बोटीच्या भिंतीतून आरपार जातो आणि पाणी आत येऊ नये म्हणून हे घडीदार रबर त्याला गुंडाळलेलं असतं. ते फाटलं तर बोट उभ्या उभ्या बुडते. या बोटीच्या बेलोजच्या घड्यांमध्ये हाताचं बोट घालून ताणलं तर बारीक भेगा दिसल्या. इंजिनाच्या पायातलं गिअर ऑईल थोडं काढलं, ते दुधाळ निघालं. पाणी शिरलेलं होतं.

तळ बाहेर काढल्यावर

इथपर्यंत जे सापडलं ते सगळं दुरुस्त होणारं होतं आणि पुतण्याने मनात आकडे मांडायला सुरुवात केली होती. मी त्याला म्हणालो, बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय आकडा बोलू नकोस. उचलायचा खर्च घेणाऱ्याने करायचा असतो आणि तो वाचवण्यासारखा नसतो.

पट्ट्यांवर बोट उचलली, तळ धुतला. पाण्याच्या रेषेखाली हात फिरवला तर हाताला पुटकुळ्या लागल्या. काही मोहरीएवढ्या, काही चार आण्याएवढ्या. मालकांच्या परवानगीने, डोळ्यावर चष्मा लावून, एक पुटकुळी टोचली. आतून दाबाखालचं पाणी पिचकारीसारखं उडालं, बोटांना चिकट लागलं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला. हे ऑस्मोसिस. फायबरवरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, पूर्ण जलरोधक नसतो. पाण्याचे कण त्यातून आत जातात, रेझिनमधले विरघळणारे अंश घेऊन तिथे एक दाट द्रावण तयार होतं, आणि ते द्रावण बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतं. बाहेरचं पाणी जितकं निर्मळ, तितकी ओढ जास्त. म्हणून समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात, त्यातही कोमट पाण्यात, पुटकुळ्या लवकर वाढतात. खाडीत हळूहळू चाललेला हा आजार कोयनेच्या पाण्यात वेग धरणार होता. "धरणाचं पाणी चांगलं, बोट टिकेल," असं जे सगळे म्हणत होते ते इंजिनाच्या बाबतीत खरं आहे. तळाच्या बाबतीत उलट आहे.

तळाला आणि पायाला जस्ताचे ठोकळे लावलेले होते, निम्मे झिजलेले. धातू खराब होण्याऐवजी जस्त झिजावं म्हणून ते असतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि ते काम करायचं थांबतं. तिथे मॅग्नेशियमचे ठोकळे लावायचे. वस्तू छोटी आहे, पण हे माहीत नसल्याने महागडा पाय खाऊन गेलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत.

यानंतर मी प्लास्टिकची हातोडी घेतली. माठ घेताना बायका टिचकी मारून बघतात, तसंच हे काम आहे. तळावरून, बाजूंवरून, आतल्या आडव्या-उभ्या तुळयांवरून ठोकत गेलो. बहुतेक जागी आवाज टणक होता. मागच्या भिंतीशी आलो, जिला ट्रान्सम म्हणतात आणि जिच्यावर इंजिनाच्या पायाचं सगळं ओझं आणि रेटा येतो, तिथे पायाच्या भोवती वीतभर घेरात बद्द आवाज येऊ लागला. मी पुतण्याच्या हातात हातोडी दिली. त्याने वर ठोकलं, खाली ठोकलं, परत वर ठोकलं. काही बोलला नाही.

ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबर मढवलेलं. एखादा स्क्रू नीट सील केला नाही की पाणी आत झिरपतं आणि प्लायवूड कुजतं, बाहेरून काहीही न दिसता. शिडीच्या खालचा एक स्क्रू काढून बघू द्या, अशी विनंती केली. स्क्रू हातानेच फिरला. भोकातून आधी काळं पाणी आलं, मग ओल्या भुश्यासारखं लाकूड. आर्द्रतेचं मीटरही लावलं, पण नुकत्याच पाण्यातून काढलेल्या बोटीवर मीटर सगळीकडेच जास्त दाखवतं, म्हणून त्याच्यावर मी निर्णय देत नाही. तो स्क्रू पुरेसा होता.

ट्रान्समचं काम म्हणजे इंजिन आणि पाय काढा, फायबर कापा, कुजका प्लायवूड खरवडून काढा, नवा भरा, परत मढवा. त्यासाठी छप्पर, कोरडी हवा, इंजिन उचलायची सोय आणि जाणकार माणूस लागतो. खाडीकाठी हे सगळं मिळतं. तापोळ्याला यातलं काहीच नाही.

झोपायची बोट म्हणून

फिरायच्या बोटीत चालून जाणाऱ्या काही गोष्टी झोपायच्या बोटीत जीवावर येतात, म्हणून केबिनकडे मी वेगळ्या नजरेने बघितलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी चारेक मिनिटं ब्लोअर चालवून तळाची हवा बाहेर काढायची असते. इथे ब्लोअर फिरत होता, पण त्याची नळी निसटून वरच लोंबत होती, तळाची वाफ ओढलीच जात नव्हती. इंधनाची एक नळी बदलून साधी गाडीची नळी लावलेली होती. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. आतली काही वायर घरगुती वायरिंगची, जोड टेपने गुंडाळलेले. नवी गादी टाकून हे झाकता येतं आणि झाकलेलं होतं.

संडासाचं पाणी थेट बाहेर सोडायची व्यवस्था होती. कोयनेत हे कुठल्याही परिस्थितीत करता येणार नाही. तेच पाणी खाली कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीपर्यंत लोक पितात. टाकी बसवायची, तळाचं भोक कायमचं बंद करायचं, आणि टाकी उपसून जमिनीवर नेऊन रिकामी करायची, एवढी तयारी असेल तरच केबिनवाली बोट इथे आणावी, असं माझं मत आहे. तात्यांना ते लगेच पटलं.

कागद आणि रस्ता

कागदांत फार काही अडलं नाही. नोंदणी होती, नाव जुळत होतं, पण सर्वेक्षणाचा, म्हणजे बोट धड असल्याच्या सरकारी तपासणीचा, दाखला आणि विमा दोन्ही संपलेले. अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा लागतो. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे असतं, शिवाय जलाशय जलसंपदा खात्याचा, म्हणून त्यांची परवानगी वेगळी. पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल तर विक्रीचा कागद करण्याआधी हे विचारून घ्यावं.

रस्त्याचं मात्र जड गेलं. बोटीची रुंदी साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर. रस्त्यावर २.६ मीटरपर्यंत चालतं, तेव्हा कागदावर बसत होती. वजन तीन टनांच्या आसपास. लो-बेड ट्रेलरवर चढवल्यावर वरची कमान विजेच्या तारांना आणि झाडांना लागण्याइतकी उंच. साताऱ्यापर्यंत महामार्ग आहे, पुढे यवतेश्वरचा घाट, कास, बामणोली. ती वळणं लांब ट्रेलरने घेणं, समोरून एसटी आली तर मागे सरणं, आणि शेवटी उतारावर क्रेन उभी करून पाण्यात सोडणं. साताऱ्याच्या एमआयडीसीतून हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, आणता येते, पण धरणाच्या ओल्या मातीत ती तीन टन घेऊन हात लांब करेल याची खात्री तिच्या ड्रायव्हरनेही दिली नाही. आणि प्रश्न एकदा आणायचा नव्हता. दर वर्षी-दोन वर्षांनी तळ बघायला, बेलोज बदलायला बोट बाहेर काढावीच लागते. दर वेळी हीच वरात.

हिशेब

ट्रान्सम, मॅनिफोल्ड, हेडचं काम, बेलोज, बेअरिंग, गिअरचं सील, पंखा, वायरिंग, संडासाची टाकी, वाहतूक, क्रेन. सगळं धरून खर्च दहा लाखांच्या घरात जात होता आणि त्यात ऑस्मोसिसचा उपाय धरलेलाच नव्हता, कारण त्यासाठी तळ सोलून महिनोन् महिने वाळवावा लागतो. आम्ही मालकांना सगळं लेखी दिलं, फोटोंसकट. दोन पर्याय ठेवले: ट्रान्समचं काम तुम्ही करून घ्या, आम्ही परत तपासतो आणि ११ लाख देतो, किंवा आहे तशी साडेपाच लाखांना द्या. त्यांनी आहे तशी ११ ला देईन म्हणून सांगितलं.

गाडीत पुतण्याचा जीव अजून अडकलेला होता. "तात्या, थोडं थोडं करून करू की दुरुस्त." तात्यांनी त्याला रागावलं नाही. ते म्हणाले, "दुरुस्तीचं न्हाय रं. आपल्या काठावर तिला उचलणार कोण, ते सांग." त्यावर उत्तर नव्हतं, आणि व्यवहार तिथे संपला.

ती बोट नंतर किनाऱ्यावरच्याच एका माणसाने घेतली, ज्याच्याकडे जेट्टी आहे आणि शेजारी फायबरचं वर्कशॉप. त्याच्यासाठी ती वाईट खरेदी नव्हती. खारं पाणी, समुद्रसपाटी, बोट उचलायचं हॉइस्ट हाताशी. मी दिलेल्या यादीतले बहुतेक मुद्दे त्याला एका हंगामात मार्गी लावता येण्यासारखे होते.

तात्या आता सपाट तळाची, दोन पोकळ ॲल्युमिनियम नळकांड्यांवर तरंगणारी पाँटून बोट बघताहेत. छप्पर आहे, झोपायची सोय नाही. रात्रीचे पाहुणे तंबूतच राहतील, असं त्यांनी पुतण्याला सांगून टाकलं आहे. ती कमी पाण्यात चालते, सुटी करून साध्या ट्रकवर येते, आणि मागे लटकवायचं फोर-स्ट्रोक इंजिन चार माणसांनी उतरवून जीपमधून साताऱ्याला आणता येतं. जुनी मिळाली तर नळकांड्यांची जोडणी, आत साचलेलं पाणी आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन मी बघणार आहे. बयाणा त्यानंतर, तोही लेखी अटीवर: कोयनेच्या पाण्यात, माणसं भरून, पूर्ण रेसवर चाचणीत बोट उतरली नाही तर पैसे परत.